ज्वारी गेल्यावर

पांढुर्ण्याचं नाव निघालं की बाहेरच्या माणसाला गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात रोवलेलं पळसाचं झाड, पांढुर्णा आणि सावरगाव अशा दोन काठांवरून होणारा दगडांचा मारा, आणि मग वर्तमानपत्रातली जखमींची बातमी. ही ओळख वर्षातल्या एका दिवसाची. बाकी वर्षभर इथली माणसं वावरात असतात. त्या वावरांत गेल्या दोन-तीन पिढ्यांत जे घडलं, त्याची बातमी मात्र कुठे छापून आली नाही. मला ती सांगावीशी वाटते.

सातपुड्याच्या दक्षिण उतारावरचा हा मुलूख. खाली काटोल, सावनेर, वरूड. वर पांढुर्णा आणि सौंसर. माती तीच काळी, पिकं तीच, घरातली बोलीही तीच. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे आमच्याकडे भांडण, अंगाई आणि पेरणी मराठीत होते, पण जमिनीचा कागद म्हणजे सातबारा नव्हे, खसरा. माल न्यायचा तो मंडीत. कृषी विद्यापीठ जबलपूरचं, आणि संत्र्याला रोग पडला की धाव नागपूरकडे. ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा आणि सौंसर हे दोन तालुके छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. ते साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. जिल्हा झाला याचा आनंद मलाही झाला. पण ज्या भरडधान्यांच्या नावाने जगभर ते वर्ष साजरं झालं, त्यांतली ज्वारी आमच्या शिवारातून केव्हाच निघून गेली होती.

आजोबांच्या काळचं वावर मी अर्धं पाहिलेलं आहे, अर्धं ऐकलेलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काही तासांनंतर तुरीचं एक तास, मधल्या जागेत मूग-उडीद, धुऱ्यावर अंबाडी आणि एका सलग तुकड्यात ज्वारी. मिरुग लागला की वखरलेल्या जमिनीत तिफण चालायची. सरकी पेरण्याआधी शेण-मातीत चोळून वाळवायची, म्हणजे तिच्या अंगाला चिकटलेले कापसाचे तंतू बसत आणि ती सरत्यातून सुटी सुटी पडे. निंदण आणि डवरणी आळीपाळीने. कापूस वेचायला बाया आणि ज्वारीच्या सोंगणीला सगळं घर.

या वावराचं मोठेपण मला उशिरा कळलं. त्यात कुठलीच वस्तू वाया जात नव्हती, कारण एकीचं उरलेलं दुसरीचं अन्न होतं. ज्वारीचं कणीस माणसाला, कडबा बैलाला. सरकीचा काही भाग बियाण्याला, काही दुभत्या ढोराला. पऱ्हाट्या चुलीला, तुराट्या कुडाला, अंबाडीचं सूत दोराला, तिची पानं भाजीला. बैलाचं शेण उखंड्यावर, उखंड्यातलं खत उन्हाळ्यात वावरात. तुरीची पानं गळून जागच्या जागी माती होत आणि तिच्या मुळावरच्या गाठी हवेतला नत्र जमिनीत बांधून ठेवत. ही शेवटची गोष्ट आजोबांना ठाऊक नव्हती. तुरीच्या तासाशेजारची पऱ्हाटी पुढच्या वर्षी बरी असते, एवढं त्यांना ठाऊक होतं.

जुन्या शेतीचं गुणगान करणाऱ्यांनी इथेच थांबू नये. ही व्यवस्था ज्यांच्या अंगावर उभी होती त्यांच्याकडेही पाहावं. मोटेवर पहाटेपासून बैल हाकणारा माणूस, गुढीपाडव्याला किंवा अक्षय तृतीयेला सालाने बांधला जाणारा सालगडी, शेणाच्या पाट्या डोक्यावरून वाहणारी आणि भाकरीसाठी रोज जातं ओढणारी बाई. चुलीपुढे तिचे डोळे गेले. पाऊस चुकला की ज्वारीही कमीच व्हायची, आणि सावकाराचं दार तेव्हाही होतंच. आजीला जुने दिवस परत हवेत का, असं मी कधी विचारलं नाही. तिच्या हातांकडे पाहिल्यावर तसं विचारण्याची गरज उरत नव्हती.

शेणाची सगळी वाटही वावराकडेच जात होती असं नाही. जॉन ऑगस्टस व्होलकर हे इंग्रज रसायनतज्ज्ञ हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करायला आले आणि 1893 मध्ये त्यांचा अहवाल छापला गेला. इथल्या शेतकऱ्याची मशागत, पिकांची सांगड, जमिनीची जाण यांबद्दल त्यांनी मोकळ्या मनाने आदर दाखवला. सोबत एक दुखणंही नेमकं हेरलं: सरपण मिळत नाही म्हणून शेण जळतं, आणि शेण जळतं म्हणून वावर उपाशी राहतं. गावालगत सरपण आणि चारा देणारी राने राखा, असं त्यांचं सांगणं होतं. गोवऱ्या थापणाऱ्या बाईला दोष न देता ती का थापते हे शोधणारा तो माणूस होता. घरात गॅस आला तेव्हा हे दुखणं बरं व्हायला हवं होतं. चुलीतून सुटलेलं सगळं शेण वावरात जायला हवं होतं. पण गॅस पोचेपर्यंत गोठेच रिकामे झाले.

ते कसे झाले, हीच ती न छापली गेलेली बातमी.

ज्वारी एका दिवसात गेली नाही. 1964 मध्ये सीएसएच-1 हे ज्वारीचं पहिलं संकरित वाण आलं. त्याची कणसं भरदार होती, ताट बुटकं होतं. धान्य वाढलं, कडबा घटला. अधिकाऱ्याच्या वहीत ती वाढ दिसली, बैलाच्या दावणीत घट दिसली. मग रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले. सोयाबीन आलं, त्याला रोखीचा भाव होता. मका आला. पाखरांपासून राखण करायला पोरं उरली नाहीत, कारण ती शाळेत होती, आणि ते चांगलंच झालं. रानडुकरांनी उरलंसुरलं उभं पीक लोळवलं. यातलं प्रत्येक कारण खरं आहे आणि ज्वारी सोडणाऱ्या कुणाही कास्तकाराला मी मूर्ख म्हणणार नाही. त्या त्या वर्षी त्याने केलेला हिशेब बरोबरच होता.

पण ज्वारी गेली आणि तिच्या मागोमाग कडबा गेला. पऱ्हाटीचं कडक देठ ढोर खात नाही. संत्र्याच्या बागेतून चारा निघत नाही. सोयाबीनच्या कुटारावर बैलजोडी वर्ष काढू शकत नाही. विकतचा कडबा परवडेना म्हणून बैल विकले गेले, आणि बैल गेले तसं शेणही गेलं. शेण गेलं त्या जागेवर युरियाची पिशवी आली. आज आमच्या भागात चांगले बागायतदारसुद्धा शेणखताची ट्रॉली बाहेरून विकत आणतात. पोळ्याच्या तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या कमी होत चालल्या, याची हळहळ दरवर्षी ऐकू येते. त्या हळहळीत ज्वारीचं नाव मात्र कुणी घेत नाही. बैल ट्रॅक्टरने हाकलले असं आपण म्हणतो. आमच्याकडे ट्रॅक्टर येण्याआधीच त्यांची दावण रिकामी होऊ लागली होती.

आता दुसरी बाजू. ती सांगताना मी संत्र्याच्या झाडाखाली उभा आहे, कारण तिथे जुन्याची चूक आणि नव्याचं शहाणपण दोन्ही स्पष्ट दिसतात.

संत्रा आमच्या मातीतला मूळचा नाही. नागपूरकर भोसल्यांनी औरंगाबादकडून त्याची कलमं आणवली असं सांगतात. नागपुरातून तो काटोल, वरूड, सौंसर, पांढुर्णा असा वर चढत आला. भाकरीसोबतची मिरची, भुईमूग आणि आताचा मका हे तर समुद्रापलीकडून आलेले. ज्याला आपण पारंपरिक म्हणतो ते आपल्या पूर्वजांनी एके काळी धाडसाने केलेले नवे प्रयोगच आहेत. संत्र्याचा बहार धरण्याची विद्या घ्या. झाड वर्षातून अनेकदा फुलू पाहतं. कास्तकार त्याचं पाणी तोडतो, त्याला ताण देतो. डिसेंबर-जानेवारीत ताण दिला की पाणी सुरू होताच आंबिया बहार फुलतो, उन्हाळ्यातल्या ताणानंतर पावसाच्या तोंडावर मृग बहार. माती किती भेगाळली, पानं कितपत मलूल झाली, झाड तहानेलं आहे की मरायला टेकलं आहे, हे ओळखणारे म्हातारे मी पाहिले आहेत. त्यांच्याकडे मोजमापाचं कुठलंही यंत्र नव्हतं.

त्याच म्हाताऱ्यांच्या बागा वाळल्याही. झाडाला बुडाशी आळं करून ते पाण्याने भरायचं, ही जुनी पद्धत. पाणी एका झाडाच्या आळ्यातून दुसऱ्याच्या आळ्यात जायचं. काळ्या मातीत ते दिवसेंदिवस साचून राहायचं. मग खोडातून डिंक पाझरू लागे, साल कुजे, पानं पिवळी पडत आणि पाच-सात वर्षं जिवापाड जपलेलं झाड डोळ्यांदेखत जाई. याला डिंक्या म्हणतात. कुणी नजर लागली म्हणे, कुणी जमीन उतरली म्हणे. कारण होतं फायटोफ्थोरा नावाची बुरशी. ती ओल्या मातीत वाढते आणि वाहत्या पाण्याबरोबर एका झाडावरून दुसऱ्यावर जाते. म्हणजे आपण पाणी म्हणून जे बागभर फिरवत होतो, त्यातून आजारच वाटत होतो.

हे कारण प्रयोगशाळेने शोधलं. नागपूरला 1985 मध्ये लिंबूवर्गीय फळांचं राष्ट्रीय संशोधन केंद्र सुरू झालं, आणि या भागात ते ज्ञान शेतापर्यंत आलं. उपाय ऐकायला साधे. कलमाचा डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधलेला असावा आणि लावताना तो मातीत गाडू नये. झाड गादीवर लावावं. आळी दोन करावीत, आतलं कोरडं आणि बाहेरचं पाण्याचं, म्हणजे खोडाला ओल लागत नाही. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावावा: एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. आणि जमेल त्याने ठिबक बसवावं.

आमच्या घरी ठिबक आलं तेव्हा वडिलांना ते आधी पटलं नव्हतं. थेंबाथेंबाने झाडाची तहान भागते यावर त्यांचा विश्वास बसेना. दोन हंगाम त्यांनी नळ्यांखालची माती उकरून पाहिली. मग शेजारचे एक काका पाहायला आले, तेव्हा वडील त्यांना समजावताना मी ऐकलं, ‘पाणी मुळाले द्याचं असते गा, बुडाले नाही.’ एवढ्या एका वाक्यात सगळं वनस्पती-विकृतिशास्त्र आलं होतं. ठिबकची नळी बाजारातून आली होती, पण वाक्य त्यांचं स्वतःचं झालं होतं. नवी शेती आपली झाली की नाही, हे मला तिथे ओळखता येतं. माणसाला त्यामागचं कारण स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तर ती त्याची झाली.

कारण बाजूला पडून नुसती बाटली हाती आली, की तीच नवी शेती माणसाला आंधळं करते. 2,4-डी हे रसायन पाहा. संत्र्याची फळगळ थांबवायला ते शंभर लिटर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम सांगतात. तेच रसायन मोठ्या मात्रेत तणनाशक आहे, रुंद पानांचं तण मारायला वापरतात. फळ धरून ठेवणं आणि झाड मारणं, यांच्यामध्ये फक्त मोजमापाचं अंतर आहे. हे अंतर कास्तकाराला कोण सांगतं? बहुतेक वेळा दुकानाच्या काउंटरवर उभा असलेला माणूस, ज्याचा फायदा विक्रीत आहे. 2017 मध्ये विदर्भातल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांच्या पाठीवर पंप आधुनिक होता, अंगात मात्र साधा सदरा.

कपाशीची कथाही अशीच. 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली. सुरुवातीची काही वर्षं बोंडअळीवरची फवारणी खरोखर कमी झाली, हे मी नाकारणार नाही. हिरव्या बोंडअळीने त्याआधी घरं बुडवली होती. पण बियाण्याच्या पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी यायची. ती वावराच्या कडेने लावायची होती. तिथे वाढलेल्या अळ्यांना बीटीचं विष सोसण्याची सवय लागत नाही, त्यांची प्रजा बाकीच्यांत मिसळते आणि प्रतिकारशक्ती लवकर पसरत नाही. या पुडीमागचं कारण फार थोड्यांना नीट समजावलं गेलं. बहुतेकांनी ती बांधावर फेकली किंवा घरी पडू दिली. त्यात संकरित कपाशीची फरदड उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत उभी ठेवण्याची सवय. गुलाबी बोंडअळी मुख्यतः कपाशीवरच जगते, तिला वर्षातले जास्तीत जास्त महिने अन्न मिळत राहिलं. 2017 च्या हंगामात तिने विदर्भातली बोंडं आतून पोखरली आणि आमचं शिवारही त्याच हवेतलं. आता उपाय म्हणून जे सांगतात त्यात कामगंध सापळे आहेत, अगदी नवं शास्त्र. आणि फरदड न घेता वावर वेळेवर मोकळं करणं आहे, जे कपाशीनंतर दुसरं पीक घेणाऱ्या घराला आपोआप साधत होतं.

जुनं आणि नवं अशी दोन गटांत मांडणी करणारे मला म्हणूनच पटत नाहीत. अल्बर्ट हॉवर्ड यांचं उदाहरण आमच्याच राज्यातलं आहे. 1924 ते 1931 या काळात त्यांनी इंदूरच्या संस्थेत काम केलं. केंब्रिजला शिकलेला हा वनस्पतिशास्त्रज्ञ कपाशीवर संशोधन करायला बसला आणि पोचला उखंड्यापाशी. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर कसे द्यायचे, ढीग केव्हा उलथायचा, ओल किती ठेवायची, हे त्यांनी मोजून ठरवलं. तीच जगभर गाजलेली इंदूर पद्धत. आपण शेतकऱ्याकडून आणि किडींकडून शिकलो, असं ते मानत. आमच्या उखंड्याला त्यांनी कारण दिलं, आणि उखंड्याने त्यांना सांगड दाखवली. ही देवाणघेवाण मला जुन्या-नव्याच्या सगळ्या वादापेक्षा मोलाची वाटते.

माझं म्हणणं यावरून ठरत गेलं. जुन्या शेतीचं खरं धन तिची अवजारं नव्हेत, तिची सांगड आहे: एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी येणं. नव्या शेतीचं खरं धन तिच्या बाटल्या नव्हेत, कारण शोधण्याची तिची सवय आहे. आपण नेमकं उलटं केलं. जुन्यातली सांगड मोडली आणि पोळ्याचा साज तेवढा सांभाळला. नव्यातल्या बाटल्या घरी आणल्या आणि कारण दुकानात सोडून दिलं.

मग पुढे काय? आमच्या शेजारच्या वरूड आणि मोर्शी तालुक्यांनी भूजल अतोनात उपसलं. तिथली बोअर खोल खोल जात राहिली आणि संत्र्याच्या उभ्या बागा उन्हाळ्यात तोडाव्या लागल्या. ती वेळ इकडे यायला राज्याची सीमा आड येत नाही. मोहखेडजवळ देवगडला गोंड राजांच्या काळच्या जुन्या बावड्या आहेत. तिथे आठशे विहिरी आणि नऊशे बावड्या होत्या अशी आख्यायिका लोक सांगतात. आकड्याचं राहू द्या, डोंगरावरचं पाणी अडवून मुरवायचं असतं एवढं त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. ठिबक पाणी वाचवतं, बावडी पाणी साठवते. ठिबक बसवून वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर संत्रा लावला, तर वाचलं काहीच नाही.

नव्या पद्धतीचं कुणीही वर्णन करायला आलं, की मी आता दोन प्रश्न विचारतो. हे का करायचं? आणि यातून जे उरेल ते कुठे जाणार? जुनी पद्धत सांगणाऱ्यालाही मी हेच दोन प्रश्न विचारतो. पहिल्याचं उत्तर न देता ‘पूर्वजांनी केलं म्हणून’ असं म्हणणारा आणि ‘कंपनीने सांगितलं म्हणून’ असं म्हणणारा, दोघं मला सारखेच वाटतात.

नवा जिल्हा झाला आहे, नवी कार्यालयं उघडत आहेत. सरकार ज्वारीला हमीभाव जाहीर करतं. 2024-25 साठी संकरित ज्वारीला क्विंटलमागे 3371 रुपये होते. त्या हिशेबात कडबा कुठेच नाही, शेण नाही, तुरीने जमिनीत ठेवलेला नत्र नाही. पांढुर्णा जिल्ह्याच्या शेती खात्याने निदान आपल्या वहीत या तिन्हींचा रकाना काढावा. संत्रा उत्पादकांचे गट मालाची प्रतवारी आणि विक्री एकत्र करतात, तसे त्यांनी गावात काही एकर उंच ताटाची ज्वारी एकत्र लावावी. राखण वाटून घ्यावी, कडबा गोठेवाल्याला द्यावा आणि बदल्यात खत घ्यावं. ज्याच्याकडे बैल नाही त्यानेही हे करावं, कारण वावराला बैल लागत नसला तरी शेण लागतंच. माती तपासणीचा कागद हाती आला की त्यातला सेंद्रिय कर्बाचा आकडा घरातल्या पोराला वाचायला सांगावा आणि तो का घसरला हे त्यालाच शोधू द्यावं. पोरगं ज्वारीपर्यंत पोचलं, तर शेतीचं शिक्षण सुरू झालं असं मी मानेन. मग ट्रॅक्टर घ्यायचा, ड्रोनने फवारायचं की तिफण पुन्हा काढायची, हे त्याचं त्याला नीट ठरवता येईल.